किलीमांजारोची आठ दिवसांची लेमोशो वाट : मोशीतील एका स्थानिक कंपनीच्या सेवेचे परीक्षण

टांझानियातील किलीमांजारो (5895 मीटर) नेहमीच्या वाटांनी चढायला दोर लागत नाही की गिर्यारोहणाचे प्रशिक्षण लागत नाही, आणि नेमक्या याच कारणाने त्याचे नियोजन अनेक जण सहज उरकून टाकतात. परवानाधारक गाईडशिवाय या डोंगरावर पाऊल ठेवता येत नसल्यामुळे नियोजनाचा मोठा भाग कंपनी निवडण्यातच जातो. आम्ही भारतातील एजंट टाळून पायथ्याच्या मोशी शहरातील एका स्थानिक कंपनीशी थेट पत्रव्यवहार केला. तिचे नाव येथे देत नाही. तशा कंपन्या मोशीत पुष्कळ आहेत, आणि वाचकाला खरा उपयोग आहे तो तिने काय चोख केले आणि कोठे हात आखडता घेतला हे समजण्याचा.

तिची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे दिवसांची आखणी. मारंगू वाटेने पाच दिवसांत, माचामे वाटेने सहा दिवसांत आणि लेमोशो वाटेने आठ दिवसांत, असे तीन दर तिने पाठवले, आणि पहिल्या दोहोंत पैसे वाचले तरी विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीराला पुरेसा वेळ मिळत नाही, हे आडपडदा न ठेवता लिहिले. सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकलेल्या माणसालाही हे पटवून घ्यावे लागते, कारण पायांत कितीही ताकद असली तरी कळसूबाईचे शिखर 1646 मीटरवर आहे आणि मारंगूचे प्रवेशद्वारच त्याहून उंचावर आहे. लेमोशोच्या आखणीत शिरा पठारावर दोन मुक्काम होते. चौथ्या दिवशी सुमारे 4600 मीटरवरील लाव्हा टॉवरपर्यंत चढून जेवण करायचे आणि झोपायला बरांको छावणीत सहाशेहून अधिक मीटर खाली उतरायचे होते. त्या दिवशी आमच्या गटात बहुतेकांचे डोके ठणकत होते, आणि बरांकोला पोहोचेपर्यंत ते उतरलेही. पुढे करंगा येथे एक जादा मुक्काम ठेवल्यामुळे 4673 मीटरवरील बराफू छावणीत आम्ही दुपारीच पोहोचलो, आणि मध्यरात्री शिखराकडे निघण्यापूर्वी थोडी झोप मिळाली.

दुसरी गोष्ट दरपत्रकाची. तिने दिलेल्या तपशिलात उद्यानाचे शुल्क माणशी दिवसाला 70 डॉलर, छावणीचे रात्रीला 50 डॉलर, बचावसेवेचे एकदाच 20 डॉलर आणि या सर्वांवर 18 टक्के कर अशी फोड होती. आठ दिवस आणि सात रात्रींचा हिशोब केला तर सुमारे 1100 डॉलर सरकारजमाच होतात. हा आकडा समोर असला की इतरांच्या स्वस्त दरांकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. शुल्कात कोणालाच सूट नाही, मग काटकसर होते ती हमालांच्या मजुरीत आणि जेवणात. मोशीत 2003 पासून काम करणारा किलीमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट हमालांना योग्य मजुरी, जेवण आणि तंबू देणाऱ्या कंपन्यांची यादी ठेवतो, आणि आमची कंपनी त्या यादीत होती. प्रवेशद्वारावर प्रत्येक हमालाचे ओझे काट्यावर चढते आणि 20 किलोची मर्यादा पाळावी लागते, त्यामुळे घरून नेलेल्या चिवड्या-लाडवांच्या डब्यांचाही तेथे हिशोब होतो. ते कॅरीबॅगांत बांधून नेऊ नयेत, कारण टांझानियात 2019 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे.

गाईडांविषयी तक्रारीला जागा नाही. सकाळ-संध्याकाळ बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडे वहीत लिहिले जात, आणि केवळ आकड्यावर न विसंबता जेवण किती गेले, झोप लागली का, चालताना तोल जातो का, हेही विचारले जाई. आमच्यातील एका सहकाऱ्याला बराफूच्या छावणीत उलट्या सुरू झाल्या, तेव्हा मुख्य गाईडने कोणतीही घासाघीस न करता त्याला साहाय्यक गाईडबरोबर त्याच संध्याकाळी खाली पाठवले. शिखर हुकल्याचा त्याला राग आला होता; निर्णय मात्र योग्यच होता. विरळ हवेच्या त्रासावर घेतल्या जाणाऱ्या डायमॉक्स या गोळीविषयी मात्र कंपनीने निघण्यापूर्वी ‘हवे तर आणा’ एवढेच कळवले, ते अपुरे वाटले. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, एवढे तरी त्या पत्रात हवे होते.

शाकाहारी जेवणाची हमी लेखी होती आणि ती पाळली गेली. आल्याचा चहा, भाज्यांचे सूप आणि गरम चपात्या रोज मिळाल्या. डाळीचे मात्र काही जमले नाही. चार हजार मीटरच्या वर पाणी साधारण 86 अंशांवरच उकळू लागते, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजवायचा हट्ट स्वयंपाक्याने सोडून द्यायला हवा होता. ताटातली तूर दाताखाली कचकचत होती, आणि त्या उंचीवर भूक आधीच मेलेली असते. शाकाहारी गटाने कुकरची मागणी आगाऊ नोंदवावी.

खरी नाराजी दोन बाबतींत आहे. भाड्याच्या झोपायच्या पिशव्या उणे तापमानाला पुरतील असे सांगितले होते, परंतु माझ्या पिशवीची चेन मध्येच अडकत होती आणि बराफूला गारठा थेट आत येत होता. मोशीत सामान ताब्यात घेताना प्रत्येक चेन शेवटपर्यंत ओढून पाहावी आणि हातमोजे घालून पाहावेत, त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. दुसरी बाब बक्षिसीची. ती दरात धरलेली नसते हे उघड होते, पण नेमकी किती आणि कोणाला द्यायची, हे कंपनीने म्वेका प्रवेशद्वारावर उतरल्यानंतर सांगितले, आणि गटात पाकिटे उघडून वर्गणी काढण्याची वेळ आली. हा तक्ता दरपत्रकासोबतच मिळायला हवा होता, म्हणजे डॉलरच्या सुट्या नोटा घरूनच आणता आल्या असत्या.