स्मार्ट रोडचा सायकल ट्रॅक: घोडं पेंड खातं ते तोंडाशी

त्र्यंबक नाका, सीबीएस, मेहेर, अशोकस्तंभ. नाशिकचा स्मार्ट रोड एकूण १.१ किलोमीटरचा, ताशी १५ च्या वेगाने सायकलवर साडेचार मिनिटांत संपतो. एवढ्याशा लांबीत ट्रॅकची परीक्षा सरळ भागात होत नाही. ती होते तोंडाशी: जिथे गेट येतं, गल्ली फुटते, सिग्नल लागतो.

पहिली डोकेदुखी आत घुसणाऱ्या बाइकची. 'खांब जवळजवळ ठोका' हा सल्ला हमखास मिळतो. जरा टेप लावून बघा. स्प्लेंडर साधारण ७२ सेंटीमीटर रुंद, अ‍ॅक्टिव्हा ७०, आणि एमटीबीचं (माउंटन सायकलचं) हँडल ७० ते ७८! बाइक अडेल अशा फटीत सायकलच आधी अडकते. १.२ मीटर फट ठेवली तर कार आणि १.३ मीटरची रिक्षा बाहेर राहते, बाइक नाही. तिला दंडाची पावतीच थांबवणार.

दुसरी, डावीकडे वळणारी कार. कोपऱ्याची गोलाई मोठी असली की चालक ब्रेक न लावता वळतो आणि ट्रॅकवरची सायकल त्याच्या आरशात येतच नाही. कोपरा काटकोनाकडे आणायचा, ट्रॅक तिथे उंचवट्यावरून न्यायचा आणि अलीकडचे दहा मीटर पार्किंग बंद. यातलं एक जरी राहिलं तरी ट्रॅकचा रंग नुसता शोभेला.

'ट्रॅकने रस्ता खाल्ला म्हणून धूर वाढला' हा हिशेब मात्र अर्धवट आहे. किती गाड्या पुढे सरकतील हे बहुतेक वेळा सिग्नलचा हिरवा वेळ ठरवतो, मधली रुंदी नाही. मधली लेन ३.५ ची ३ मीटर केली तर वेग उतरतो, तेवढंच. कोंडी होते ती कडेला 'दोन मिनिटांसाठी' लावलेल्या गाडीमुळे.

हवेचा फायदा गाडीऐवजी सायकलवर केलेल्या छोट्या फेऱ्यांत आहे. गार इंजिनाचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापेपर्यंत नीट काम करत नाही, त्यामुळे पहिले एक-दोन किलोमीटर सगळ्यात घाण. क्लासला सोडायची स्कूटरची फेरी अशीच छोटी असते. पण घर ते क्लास तीन किलोमीटर आणि त्यातला ट्रॅक १.१ असेल, तर आई मुलाला स्कूटरवरच सोडणार.

सरळ भागाला पाचपैकी चार. तोंडांना दीड, तोही सकाळी सातच्या आत.