भाड्याच्या पातेल्यांचे वर्ष : पुण्यातील एका भांडी-दुकानाचा परिचय

पुण्याच्या पूर्व भागातील पेठांमध्ये, म्हणजे नाना पेठ, भवानी पेठ, गणेश पेठ या परिसरात, कार्याची भांडी भाड्याने देणारी जुनी दुकाने अजून टिकून आहेत. त्यांपैकी एका दुकानातून आमची सोसायटी, आमचा मित्रपरिवार आणि घरचे नातेवाईक गेली अनेक वर्षे पातेली, कढया आणि ताटे-वाट्या नेत आले आहेत. केटररला फोन केला की जेवण दारात येते; भांडी भाड्याने आणली की जेवण आपल्याला करावे लागते आणि ते एकट्यादुकट्याने होत नाही. कुणी कांदे चिरायला बसतो, कुणी नारळ खोवतो, कुणी कढईपाशी उभा राहतो, आणि एरवी जिन्यात केवळ मान हलवून पुढे जाणारी माणसे तीन-चार तास एकमेकांच्या शेजारी बसून बोलू लागतात. मला या दुकानाचे मोल वाटते ते मुख्यतः या कारणासाठी, आणि म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

दुकानाचा दर्शनी भाग अरुंद आहे, पण आत खोलवर मांडण्या आहेत. एका बाजूला ज्यांना आपण सर्रास जर्मलची म्हणतो ती ॲल्युमिनियमची मोठी पातेली एकात एक बसवलेली असतात. दुसऱ्या बाजूला स्टीलची पिंपे, घंगाळी, पराती, चरव्या आणि वाढपाची भांडी, आणि सर्वांत आत, मागितल्याशिवाय बाहेर न काढली जाणारी, कल्हई केलेली पितळी पातेली. झारे, कालथे, ओगराळी, पळ्या, डाव, सांडश्या यांचे वेगळे खोके आहे. गॅसची भट्टी, लोखंडी तिवई, सतरंज्या आणि पाट हेही येथेच मिळतात. प्रत्येक भांड्याच्या काठावर दुकानाची खूण ठोकलेली आहे. आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची जी जुनी रीत आहे तिचा येथे व्यवहारात उपयोग होतो, कारण कार्य आटोपल्यावर घरची आणि दुकानाची भांडी वेगळी करताना त्या खुणेमुळे कोणताही घोळ होत नाही.

या दुकानाची खरी सेवा मात्र गल्ल्यावर बसणाऱ्या काकांच्या अंदाजात आहे. तेथे गेल्यावर कोणते पातेले हवे असे ते विचारत नाहीत. माणसे किती, पदार्थ कोणता, आणि जेवण पंगतीने वाढणार की उभ्याने, हे तीन प्रश्न विचारतात. मसालेभातासोबत पुरी-भाजी असेल तर किलोभर तांदळात दहा-बारा माणसे सहज जेवतात, पण नुसता मसालेभात आणि मठ्ठा ठेवला तर तोच तांदूळ कमी पडतो, हे ते समजावून सांगतात. शिजल्यावर भात अडीच ते तीनपट होतो, म्हणून भांडे कच्च्या तांदळाच्या मापाने निवडू नये, असेही बजावतात. नाश्त्याला पोहे करायचे असतील तर किलोभर पोह्यांत बारा ते पंधरा माणसांचे भागते, परंतु पोहे पातेल्यात न करता पसरट कढईतच करावेत, कारण खोल भांड्यात खालचा थर दबून त्याचा गोळा होतो, हा त्यांचा आग्रह असतो. पहिल्यांदाच पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक अंगावर घेणाऱ्या तरुण जोडप्याला हे बोलणे भांड्यांपेक्षाही अधिक उपयोगी पडते.

आमच्याकडे या दुकानाशी सर्वांत जिव्हाळ्याचा संबंध येतो तो आश्विन पौर्णिमेला. कोजागरीचे दूध आम्ही गच्चीवर आटवतो, आणि ते कोणत्या भांड्यात आटवावे याविषयी काकांचे मत ठाम आहे. जर्मलचे पातळ पातेले दुधाला चालत नाही, कारण त्याचा बूड लवकर तापतो आणि दूध लागते. एकदा लागलेल्या दुधाचा वास केशर-वेलदोड्यानेही झाकला जात नाही. म्हणून ते जाड बुडाचे कल्हईचे पितळी पातेले देतात आणि देताना दोन सूचना करतात. पहिली अशी की पातेले रिकामे असताना विस्तवावर ठेवू नये. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर असतो आणि कथील सुमारे 232 अंश सेल्सिअसला वितळते. आत दूध किंवा पाणी असेपर्यंत भांड्याची आतली बाजू तेवढी तापत नाही, पण रिकामे भांडे मोठ्या जाळावर थोडा वेळ जरी राहिले तरी कल्हई उतरते. दुसरी सूचना अशी की पातेले दोन-तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये, कारण उकळी आली की दूध फुगून वर येते आणि गच्चीवरच्या वाऱ्यात भट्टीची आच चटकन कमी करता येत नाही. साठ माणसांना प्रत्येकी 200 मिलिलिटरचा पेला द्यायचा तर आटलेले दूध 12 लिटर लागते. त्यासाठी आम्ही 15 लिटर दूध घेतो आणि त्याला 25 लिटरचे पातेले मागतो. दूध आटायला जो वेळ लागतो तोच आमच्या कोजागरीचा गाभा आहे. पाळीपाळीने पातेल्यापाशी उभे राहून काठावरची साय आत सारताना ज्या गप्पा होतात, त्या तयार मसाला दुधाच्या बाटल्या वाटल्या असत्या तर झाल्या नसत्या, असे मला मनापासून वाटते.

त्याआधीचे नवरात्र या दुकानासाठी लहान भांड्यांचे असते. घटस्थापनेपासून भोंडला सुरू झाला की आमच्या इमारतीतील बायका-मुली घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे नेतात. खिरापत ओळखण्याचा खेळ डबा वाजवून खेळायचा असल्यामुळे झाकण सैल असून चालत नाही, आणि डबा अर्धा रिकामा राहील एवढा मोठा असावा लागतो, म्हणजे आतल्या पदार्थाचा आवाज नीट येतो. इतक्या बारीक गरजेसाठीही काका चार डबे काढून, झाकणे लावून दाखवतात. बाजारातून आणलेली पाकिटे खिरापत म्हणून वाटण्याची पद्धत अलीकडे वाढते आहे, पण आमच्याकडे प्रत्येक घराने आपला पदार्थ आपणच करण्याचा नेम अजून मोडलेला नाही.

गणेशोत्सवातील महाप्रसाद हा सर्वांत मोठा व्याप असतो. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा सव्वाच्या मापाने होतो, रवा, तूप आणि साखर यांचे प्रमाण सारखे असते, आणि एवढ्या तुपातला रवा न जळता एकसारखा भाजायचा तर कढई जड आणि कालथा लांब दांड्याचा हवा. दुकानातील लोखंडी कढया या कामासाठी उत्तम आहेत, मात्र शिरा होताच तो दुसऱ्या भांड्यात काढावा, नाहीतर कडेचा भाग काळपट दिसू लागतो. मठ्ठ्यासाठी काका स्टीलचे पिंपच देतात. ताक, चिंच, आमसूल असे आंबट पदार्थ जर्मलच्या भांड्यात ठेवले की धातूशी त्यांची प्रक्रिया होते आणि चवही बिघडते, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला न चुकता सांगतात. कल्हई उडालेल्या पितळी भांड्याबाबत तर ते अधिकच कडक आहेत. अशी भांडी ते गिऱ्हाइकाला मुळीच देत नाहीत आणि कल्हईवाला येईपर्यंत बाजूला पालथी घालून ठेवतात. नवसागर टाकून तापलेल्या भांड्यात कापसाच्या बोळ्याने कथील फिरवण्याचे काम करणारे कारागीर शहरात आता मोजके उरले आहेत. कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्या-पितळेचे मठारकाम करणारे कारागीर अजून आहेत, ही पुणेकरांच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट आहे, पण कल्हईची मागणी टिकली तरच ही पितळी पातेली वापरात राहतील.

दुकानाच्या ठिकाणामुळे त्याला आणखी एक मोसम लाभला आहे. पुण्यात ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात आणि तुकाराम महाराजांच्या पालखीचा नाना पेठेतील निवडुंगा विठोबा मंदिरात असतो. त्या दिवसांत या पेठांतील वाडे, शाळा, मंडळांची कार्यालये आणि घरांचे ओटे वारकऱ्यांसाठी उघडलेले असतात, आणि ठिकठिकाणी पिठले-भाकरी, आमटी-भात, चहा-पोहे यांच्या भट्ट्या पेटलेल्या असतात. त्या दोन दिवसांत दुकानात एकही मोठे पातेले शिल्लक राहत नाही. आम्ही काही मित्र मिळून दरवर्षी सकाळच्या चहाची जबाबदारी घेतो. त्यासाठी तोटीचे पिंप, चहाची मोठी किटली आणि स्टीलचे पेले येथूनच नेतो. अन्नदानासाठी नेलेल्या भांड्यांचे भाडे दुकान कमी करून घेते. तसा फलक कोठेही लावलेला नाही. पावती लिहितानाच ते होते.

बाकीचे वर्ष लहान लहान निमित्तांनी भरलेले असते. चंपाषष्ठीला, चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे आणि कांदा पुन्हा ताटात येतात, तेव्हा भरीत कालवायला रुंद परात लागते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस. तेव्हा ट्रे, वाट्या आणि सतरंज्या जातात. हिवाळ्यात हुरड्याला जाणारे गट पिठल्याची कढई आणि ताकाचे पिंप नेतात. मे महिन्यात सुटीला आलेल्या भाचरांसाठी आमरसाचे जेवण होते आणि त्याला स्टीलची घंगाळी पुरतात.

ताटांविषयी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. एकेकाळी आमच्या सोसायटीतही थर्माकोलच्या थाळ्या आणि प्लास्टिकचे पेले सर्रास वापरले जात होते. महाराष्ट्र शासनाने 23 मार्च 2018 रोजी अधिसूचना काढून अशा वस्तूंवर बंदी घातली, आणि 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून फेकण्याच्या प्लास्टिकच्या थाळ्या, पेले, चमचे यांच्यावर देशभर बंदी आली. पळसाच्या पानांच्या पत्रावळी हा चांगला पर्याय आहे, पण पातळ आमटी आणि मठ्ठा असलेल्या जेवणाला स्टीलचे ताट अधिक सोयीचे पडते. या दुकानातील ताटे खोल कडांची आहेत, वाट्या ताटात नीट बसतात, आणि पंगत उठल्यावर ताटे घासण्याचे काम आम्ही गच्चीवरच्या नळापाशी सर्वजण मिळून करतो. भांडी घासून परत दिली तर घासणावळ लागत नाही. न घासता दिली तर ती वेगळी आकारली जाते. आम्ही पैसे वाचवण्यासाठी हे सुरू केले, पण आता ती घासण्याची अर्धी-पाऊण घटका कुणालाच टाळावीशी वाटत नाही. सोसायटीतील निवृत्त गृहस्थ आणि शाळकरी मुले एका ओळीत उभी राहून ताटे विसळतात आणि पुसतात, आणि जे वाद सभेत सुटत नाहीत त्यांतले काही तेथे सहज सुटतात.

आता उणिवा. भांडी घरपोच मिळतात, पण जिना चढवून देण्याची व्यवस्था नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर भट्टी आणि पितळी पातेले नेण्यासाठी चार सशक्त माणसे आधीच ठरवून ठेवावी लागतात. भट्ट्यांच्या बाबतीत दुकान इतर वस्तूंइतके दक्ष नाही. आम्हाला एकदा मिळालेल्या भट्टीची एका बाजूची भोके काजळीने बुजलेली होती आणि ज्योत एकाच बाजूला येत होती. काकांनी ती तत्काळ बदलून दिली, तरी तोवर स्वयंपाकाचा तास वाया गेला. म्हणून भट्टी नेहमी दुकानातच पेटवून पाहावी, आणि गॅसची नळी भेगाळलेली नाही ना हेही तपासावे. जर्मलच्या पातेल्यांपैकी काहींना खोल पोचे आले आहेत. अशा पोच्यात अन्न अडकते आणि भांडे नीट घासले जात नाही, त्यामुळे घेतानाच प्रत्येक नग हात फिरवून पाहावा. ऑनलाइन आरक्षण नाही, फोनवर सांगितलेली यादी वहीत लिहिली जाते, आणि दुपारच्या जेवणाच्या वेळेत फोन उचलला जात नाही. हिशेब मात्र चोख असतो. अनामत रक्कम, नगांची संख्या आणि परतीची वेळ यांची पावती मिळते, आणि हरवलेल्या चमच्याचेही पैसे शांतपणे, पण नक्की कापले जातात.

दरांविषयी एवढेच सांगता येईल की भाडे नगावर आणि दिवसावर असते, आणि आमच्या अनुभवात पन्नास माणसांच्या जेवणाच्या खर्चात भांड्यांच्या भाड्याचा वाटा किराणा आणि भाजीच्या मानाने फारच लहान राहतो. ज्यांना पाहुण्यांसमोर नीटनेटके, गणवेशातील वाढपी आणि सजवलेली टेबले हवी आहेत त्यांनी केटररकडेच जावे. सात-आठ घरांना एकत्र येऊन रांधायचे असेल, आणि मोठ्या प्रमाणावर स्वयंपाक करण्याची भीती वाटत असेल, तर त्यांच्यासाठी अशा दुकानासारखा आधार नाही.

गणपती आणि पालखीच्या दिवसांसाठी किमान महिनाभर आधी यादी द्यावी, कोजागरीचे पितळी पातेले हवे असेल तर नवरात्र सुरू होण्यापूर्वीच सांगून ठेवावे, कारण मोठ्या मापाची अशी पातेली थोडीच आहेत. इतर वेळी तीन-चार दिवस पुरतात. जाताना माणसांचा आकडा आणि पदार्थांची यादी कागदावर लिहून न्यावी, आणि शक्य असल्यास प्रत्यक्ष स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीनेच जावे, म्हणजे काकांच्या प्रश्नांची उत्तरे तेथल्या तेथे देता येतात.