बी.एस्सी. केमिस्ट्रीनंतर: विद्यापीठ, आयसर की माटुंगा?

जॅमचा, म्हणजे एम.एस्सी.साठीच्या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की आमच्या कॉलेजची मुलं स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहतात. प्रश्न ठरलेला: “मॅडम, पुणे विद्यापीठात एम.एस्सी. करू, की पाषाणला आयसरमध्ये इंटिग्रेटेड पीएच.डी.?” आयसर म्हणजे विज्ञानाचं शिक्षण आणि संशोधन एकत्र चालवणारी केंद्रीय संस्था; तिथल्या इंटिग्रेटेड कोर्समध्ये एम.एस्सी. आणि पीएच.डी. सलग होतात. रँकिंग त्यांना पाठ असतं. मी म्हणते, आधी तिथल्या प्राध्यापकांचा दिवस कसा जातो ते बघा. तुमचा दिवस त्यावर ठरणार आहे.

विद्यापीठात दोन वर्षं, चार सत्रं, आणि पदवी हातात. ऑरगॅनिकपासून फिजिकलपर्यंत सगळ्याचा पाया पक्का होतो, आणि संशोधन झेपेल का हे ठरवायला वेळ मिळतो. परंपरा तर मोठीच. पॅरिसमध्ये नोबेलविजेत्या जोलिओ-क्युरींच्या हाताखाली काम करून आलेले डॉ. अर्णीकर याच विभागात न्यूक्लिअर केमिस्ट्री शिकवत. अडचण आहे ती वेळेची. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि प्राध्यापकाला १४ तास शिकवावं लागतं. पेपर तपासणं, नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली, प्रवेशाची कामं वेगळी. संशोधन उरलेल्या वेळात.

मी स्वतः एम.एस्सी.ला असताना आमच्या विभागात एनएमआर, म्हणजे संयुगाची रचना दाखवणारं यंत्र, नव्हतं. प्रोजेक्टचं सँपल बाहेर पाठवलं, त्याचा आलेख, म्हणजे स्पेक्ट्रम, तीन आठवड्यांनी आला. तोवर कुपीतलं पांढरं संयुग तपकिरी पडलं होतं आणि व्हायव्हाही होऊन गेली होती. ती रुखरुख अजून आहे.

आयसर पुणे २००६चं, शेजारी १९५०ची एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. आयसरमध्ये प्राध्यापकाला शिकवण्याचे तास बरेच कमी. त्याची बढती, त्याचं नाव, पुढचा निधी, सगळं शोधनिबंधांवर. त्यामुळे प्रयोगशाळा रात्रीही चालू असते. माझी एक विद्यार्थिनी तिथे आहे. सकाळी मिश्रणातली संयुगं वेगळी करायला सिलिकाचा कॉलम भरते, पिवळा पट्टा हळूहळू खाली सरकताना बघत परीक्षानळ्या बदलते, टीएलसीच्या पट्टीवर तपासून शुद्ध अंश वेगळे करते. संध्याकाळी पाचेक मिलिग्रॅम सीडीसीएल३ या द्रावकात विरघळवून एनएमआरला देते. रात्री स्पेक्ट्रम समोर: ७.२६ पीपीएमला द्रावकातल्या क्लोरोफॉर्मचा ओळखीचा पीक, आणि बाकीचे तिचे स्वतःचे. चूक झाली तर दुसऱ्या दिवशी सुधारता येते. केमिस्ट्री हाताला अशीच लागते. पण सगळी मिळून सहा-सात वर्षं लागतात, त्यातली बरीचशी एकाच गाइडच्या गटात काढायची असतात, आणि गाइडशी जमलं नाही तर फार त्रास होतो.

मुंबईत माटुंग्याच्या आयसीटीचा, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्थेचा, पिंड निराळा. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून ती सुरू झाली आणि तिथल्या प्राध्यापकांचं कारखान्यांशी नातं जुनं आहे. तिथलेच प्रा. मनमोहन शर्मा १९९०मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. माशेलकरांची पीएच.डी. त्यांच्याकडेच. रंग, औषधं, प्रक्रिया यांत रस असेल तर इथे या. क्वांटमच्या समीकरणांत रमणाऱ्यांनी दुसरीकडे बघावं.

प्राध्यापक व्हायचं असेल तर हिशेब आणखी बदलतो. कॉलेजसाठी एम.एस्सी. आणि नेट-सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) नियमाने पुरतं, पण कायम जागा निघेपर्यंत कित्येकांची वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तुटपुंज्या मानधनात जातात. हुशार मुलांची अशी वर्षं जाताना बघवत नाही. आयसरसारख्या ठिकाणी पीएच.डी.नंतर पोस्टडॉक, म्हणजे काही वर्षांचं तात्पुरतं संशोधनाचं काम, बहुधा परदेशात, आणि पक्की नोकरी तिशी उलटल्यावर. पीएच.डी.च्या काळात जेआरएफ, म्हणजे संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. घरी पैसे पाठवायचे असतील तर जेआरएफ काढल्याशिवाय पीएच.डी.त उतरू नका.

माझं मत विचाराल तर, प्रॅक्टिकलचा तास संपूच नये असं ज्याला वाटतं त्याने आयसर घ्यावं. अजून खात्री नसेल तर विद्यापीठ, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एनसीएलमध्ये किंवा आयसरमध्ये समर प्रोजेक्टसाठी धडपड. कुठेही फी भरण्याआधी तिथल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना गाठा आणि विचारा: सँपल दिल्यावर एनएमआर किती दिवसांनी मिळतो?