भूजलाचा हिशेब बघायचा असेल तर इन-ग्रेस पोर्टल

बोअर मारायच्या आधी लोक पाणाड्याला विचारतात, मी म्हणतो आधी हे उघडून बघा. केंद्रीय भूजल मंडळ आणि आयआयटी हैदराबादने मिळून केलंय, फुकट आहे, नकाशावर क्लिक करत गेलं की आपला तालुका येतो आणि त्यात पाऊस-कालव्यातून जमिनीत मुरलं किती आणि आपण उपसलं किती ते दिसतं. वर्षाला काढता येण्याजोग्या भूजलाच्या 70 टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर सुरक्षित, 90 पर्यंत अंशतः शोषित, 100 पर्यंत शोषित, आणि त्यावर गेला की अतिशोषित, म्हणजे काढता येण्याजोगं आहे त्यापेक्षा जास्त काढतोय, एवढं सोपं. देशभर एकच पद्धत आणि 2022 पासून दरवर्षी मूल्यांकन, हे मला फार आवडलं कारण आधी मधे दोन-चार वर्षं जायची आणि तोवर विहिरी आटलेल्या असायच्या.

पण खरं सांगू का, आपल्याकडे खाली बेसॉल्टचा काळा कातळ, एका शिवारात पाणी लागतं आणि बांधापलीकडे नुसती धूळ उडते, तिथे पूर्ण तालुक्याचा एक आकडा धरून बसलात तर फसाल. पोर्टलवाल्यांनो, पुढचं प्लॅनिंग करताना पाणलोटाचे आकडे पुढे आणा, धरणातलं पाणी आणि भूजल एकत्र मोजा, आणि मराठीत द्या ना सगळं, ग्रामसभेत वाचता आलं पाहिजे. तरी पाचपैकी चार स्टार. पाण्याचा ताळेबंद करणाऱ्या प्रत्येक गावाने बघावंच.