माऊईत लाट आणि वारा: अंदाज कोणाचा धरायचा?

हवाई बेटांतल्या माऊईला निघालेला माणूस हमखास विचारतो, "कुठलं अ‍ॅप घेऊ?" त्याला आधी उलट विचारावं लागतं: पाण्यात काय घेऊन उतरणार? साधा सर्फबोर्ड, की विंग (हातात धरायचं फुगवलेलं शीड) आणि फॉइल (बोर्डाला पाण्यावर उचलणारा, खालचा पंख), की उत्तर किनाऱ्यावरच्या मालिकोच्या घळीतून निघून वारा पाठीवर घेत काहुलुई बंदरापर्यंत जायचं डाउनविंड फॉइलिंग? एकाच सकाळी, एकाच किनाऱ्यावर या तिघांचा चांगला दिवस वेगवेगळा असतो. अंदाज देणारे मात्र बहुतेक वेळा एकालाच डोळ्यांपुढे ठेवून रंग आणि तारे वाटतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लाटेच्या अंदाजासाठी पैसे मोजायची गरज नाही, सरकारी फुकट माहिती पुरते. खिशात हात घालायचाच असेल तर वाऱ्याच्या प्रत्यक्ष मोजमापासाठी घाला.

आधी बेटाची ठेवण

माऊई म्हणजे दोन ज्वालामुखी आणि मधला सखल पट्टा. पूर्वेला 3,055 मीटर उंचीचा हालेआकाला, पश्चिमेला 1,764 मीटरपर्यंत चढणारे डोंगर आणि मध्ये जेमतेम 11 किलोमीटरची सपाटी. ईशान्य व्यापारी वारे आपण शाळेच्या भूगोलात पाठ केले, ते इथे या फटीत घुसतात, दाबले जातात आणि वेग घेतात. उत्तर किनाऱ्यावर कानाहा आणि दक्षिण टोकाला माआलाएआ हे त्या फटीचे दोन दरवाजे. माआलाएआच्या उपसागरात वारा इतका वेगळा वागतो, की अमेरिकेची नॅशनल वेदर सर्व्हिस आपल्या सागरी अंदाजात त्या चिमुकल्या उपसागराला स्वतंत्र विभाग देते. उन्हाळ्यात हे वारे बहुतेक रोज असतात, हिवाळ्यात मधूनमधून दडी मारतात. दुपारी जमीन तापली की त्यांना आणखी जोर चढतो.

वारा: विंडगुरू, विंडी आणि खांबावरचं यंत्र

विंडगुरू आणि विंडी, वाऱ्याचा अंदाज देणाऱ्या या दोन सेवा, दोन्ही चेक देशातल्या. ज्या देशाला समुद्रच नाही तिथल्या लोकांनी जगभरच्या दर्यावर्दींना वाऱ्याचं वेळापत्रक पुरवावं, ही मोठी गंमत आहे. पण दोघांकडेही मुळात आकडे येतात ते हवामानाच्या मोठ्या मॉडेलांमधून, म्हणजे संगणकावरच्या गणितांमधून, आणि खरी तुलना तिथेच करायला हवी.

विंडगुरूच्या फुकट तक्त्यात सहसा पहिलं दिसतं ते अमेरिकन जीएफएस, साधारण 13 किलोमीटरच्या जाळीचं, म्हणजे तेवढ्या चौकोनाला एकच आकडा देणारं. विंडी उघडताच समोर येतं ते युरोपीय मॉडेल, 9 किलोमीटरचं. आता 11 किलोमीटरच्या सपाटीवर 9 किलोमीटरची जाळी टाकून पाहा. अख्खी फट एखाद्या चौकोनात येते, आणि त्या चौकोनातही शेजारच्या डोंगराचा उतार मिसळलेला असतो. 13 किलोमीटरवाल्याला तर फट अशी काही दिसतच नाही. त्यामुळे व्यापारी वारे चालू असताना कानाहासाठी दोन्ही मॉडेलं बहुधा कमी सांगतात. मॉडेल 14 नॉट (ताशी सागरी मैल) म्हणतं आणि किनाऱ्यावर लोक जोराच्या वाऱ्याची लहान विंग काढून बसलेले असतात, यात नवल नाही. चूक नेहमी त्याच दिशेची असल्यामुळे ती सांभाळता येते. महिनाभर मॉडेलचा आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा शेजारी शेजारी लिहा, किती मिळवायचं ते कळून चुकतं. मात्र हे गणित व्यापारी वाऱ्यांपुरतंच. हिवाळ्यात वारा फिरून दक्षिणेकडून येऊ लागला, ज्याला तिथे 'कोना' वारा म्हणतात, की सगळी बेरीज मोडीत निघते.

तक्ता म्हणून विंडगुरू सरस: पुढचे कित्येक दिवस एका नजरेत. नकाशा म्हणून विंडी. वाऱ्याचा पट्टा बेटाच्या उत्तरेला सरकतोय की ईशान्येचा उच्च दाब ढासळतोय, हे तक्त्यात कळत नाही, नकाशावर लगेच दिसतं. पुढच्या आठवड्यात सुट्टी कधी टाकायची हे मी नकाशावरून ठरवेन, उद्या किती वाजता निघायचं हे तक्त्यावरून.

याहून बारीक जाळी हवी असेल तर हवाई विद्यापीठाशी जोडलेली पॅकआयूस ही संस्था बेटांपुरतं 6 किलोमीटरचं मॉडेल चालवते. दिसायला रुक्ष, वापरायला किचकट, आणि फुकट. फटीचा आणि आडोशाचा फरक त्यात जागतिक मॉडेलांपेक्षा बरा उतरतो.

घड्याळाचाही विचार करा. हवाई जागतिक प्रमाणवेळेच्या 10 तास मागे आहे. जीएफएसची त्या प्रमाणवेळेच्या 12 वाजताची फेरी (मॉडेल दिवसातून ठरावीक वेळा नव्याने चालवतात, ती एक खेप) म्हणजे हवाईतले पहाटेचे 2, आणि तिचे आकडे साडेपाच-सहाच्या सुमाराला येऊ लागतात. युरोपीय मॉडेलची तीच फेरी हाती पडेपर्यंत सकाळचे 8-9 होतात. म्हणजे पहाटे साडेपाचला उठून जो विंडी बघतो, तो जुन्या फेरीचा अंदाज बघतो. तक्त्यावर फेरीची वेळ छापलेली असते, पण ती बघतो कोण!

हे सगळं झाल्यावर उरतं प्रत्यक्षातलं मोजमाप. काहुलुई विमानतळाचं निरीक्षण दर तासाला, फुकट मिळतं. वाऱ्याची दिशा, वेग, झोत, सगळं. विमानतळ कानाहाला लागूनच आहे, त्यामुळे आकडा बराच उपयोगी. पण तो तासाचा असतो, आणि वारा 11 वाजून 10 मिनिटांनी उठला तर पुढच्या निरीक्षणापर्यंत तुम्ही चहाच पीत बसता. आयकाइटसर्फसारख्या पैसे घेणाऱ्या सेवा किनाऱ्यावरच्या यंत्रांचे आकडे दर काही मिनिटांनी दाखवतात, सोबत मागच्या काही तासांचा आलेख. आलेखातली रेघ दातेरी आहे की सरळ, यावरून वारा झोताझोताने येतोय की एकसंध, हे घरबसल्या कळतं. विंग किंवा काइटवाल्याला याचे पैसे वसूल होतात. पावसाची एक मोठी सर आली की वारा धप्पकन पडतो, आणि कुठल्याच मॉडेलने ती सर तासाच्या हिशेबात पकडलेली नसते.

लाट: वेदर सर्व्हिस, सर्फलाइन आणि बोये

होनोलुलूची वेदर सर्व्हिस रोज सर्फचा अंदाज काढते: उत्तरेकडचे किनारे इतके ते इतके फूट, पश्चिमेकडचे इतके, पूर्व, दक्षिण. खाली चार ओळींची चर्चा असते, कुठलं वादळ, कुठल्या दिशेने येतंय, कधी चढेल, कधी उतरेल. ही चर्चा खरा माल आहे. ती माणसाने लिहिलेली असते आणि आकड्याबद्दलची शंकासुद्धा त्यात उघड मांडलेली असते.

दोन गोष्टी माहीत नसतील तर हाच अंदाज फसवतो. पहिली: हे फूट लाटेच्या दर्शनी, म्हणजे समोरून दिसणाऱ्या तोंडाच्या उंचीचे आहेत. किनाऱ्यावरचा जुना स्थानिक मात्र हवाईच्या मापात बोलतो, जे साधारण त्याच्या निम्मं असतं. वेदर सर्व्हिसचे 8 फूट म्हणजे त्याचे 4. "आज फक्त चार" असं तो सहज म्हणाला म्हणून पाण्यात उडी घेणारे पाहुणे दर हिवाळ्यात दिसतात. दुसरी: "उत्तरेकडचे किनारे" हा शब्द सगळ्या बेटांना मिळून आहे. वायव्येच्या लाटांपुढे काउआई आणि ओआहू उघडे पडतात, माऊईच्या आड मोलोकाई बेट येतं. नकाशावर हूकिपापासून (माऊईच्या उत्तर किनाऱ्यावरची सर्फची जागा) मोलोकाईच्या पूर्व टोकाकडे रेघ ओढा, ती उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजल्यास साधारण 305 अंशांवर जाते. स्वेल, म्हणजे दूरच्या वादळातून आलेली लाट, त्याहून पश्चिमेकडून येत असेल तर हूकिपाला उरलंसुरलं मिळतं, आणि 330-340 अंशांवरून आला तर पूर्ण. म्हणून अंदाजात फुटांच्या आधी अंश वाचायचे.

सर्फलाइनचा जोर इथेच आहे: ती जागेनुसार आकडा देते, किनाऱ्याची दिशा आणि आड येणारी बेटं हिशेबात धरून. 1985 मध्ये टेलिफोनवरून लाटा सांगणारी कॅलिफोर्नियाची ही कंपनी आता कॅमेरे आणि स्वतःचं मॉडेल बाळगून आहे. मॅजिकसीवीड हा मोठा प्रतिस्पर्धी तिने आधी विकत घेतला आणि 2023 मध्ये आपल्यात विलीन केला, त्यामुळे फुकट पर्याय आणखी कमी झाले. कॅमेरा ही तिची सर्वांत मोलाची गोष्ट. लांबचा अंदाज आणि विनाजाहिरात कॅमेरा वर्गणीत येतो. हॉटेल लाहैनाकडे आणि लाट उत्तरेला अशी स्थिती असेल तर कॅमेऱ्याने तासाभराचा रस्ता वाचतो, हे मान्य. कानाहाच्या जवळ राहणाऱ्याने मात्र त्यासाठी पैसे का भरावेत, हे मला आजवर कळलेलं नाही.

आणि मग बोये, म्हणजे समुद्रात नांगरून ठेवलेली, लाट मोजणारी तरंगती यंत्रं. फुकट, आणि इथे अंदाज नाही, झालेलं मोजमाप. दोन ध्यानात ठेवा: काउआईच्या वायव्येला दूर समुद्रात उभा असलेला 51001, आणि माऊईच्या उत्तर किनाऱ्यासमोरचा पाउवेला बोया, क्रमांक 51205.

समजा पाउवेला 8 फूट दाखवतोय. सर्फर खूश होतो. खालची ओळ वाचा: कालावधी (एका लाटेपासून पुढच्या लाटेपर्यंतचा वेळ) 7 सेकंद, दिशा पूर्व-ईशान्य. ही नुसती वाऱ्याने घुसळलेली लाट, सर्फरसाठी धुणं धुण्याच्या लायकीची. मालिकोहून निघणाऱ्या फॉइलरसाठी मात्र मेजवानी. दुसऱ्या दिवशी तोच बोया 5 फूट म्हणतो, पण तपशिलात स्वेल 4 फूट, 16 सेकंद, आणि वाऱ्याची लाट 3 फूट. (4 आणि 3 मिळून 7 होत नाहीत, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात, म्हणून 5.) हा सर्फरचा दिवस, आणि लाटेवर फॉइल घेऊन जाणाऱ्याचाही. एकूण उंचीचा आकडा एकटा वाचणं म्हणजे काहीच न वाचणं.

51001 वरून वेळही काढता येते. खोल पाण्यात स्वेलची ऊर्जा नॉटमध्ये किती वेगाने सरकते, तर कालावधीच्या दीडपट. 15 सेकंदांची लाट म्हणजे साडेबावीस नॉट. तो बोया माऊईच्या उत्तर किनाऱ्यापासून पावणेचारशे सागरी मैलांच्या वर आहे, म्हणजे साधारण 17 तास. संध्याकाळी 6 वाजता तिथे 15 सेकंद दिसायला लागले, तर उद्या दुपारच्या आत माऊईत. 20 सेकंदांची आघाडी याहून चार-पाच तास आधी पोहोचते. स्वेल उत्तरेकडून तिरपा येत असेल तर हा हिशेब चुकतो, कारण तेव्हा बोया वाटेत नसतो. शिवाय बोया कधी दोर तुटून भरकटतो आणि दुरुस्तीला महिने लागतात. तेव्हा मॉडेल आणि वेदर सर्व्हिसची चर्चा, एवढ्यावरच भागवायचं.

उन्हाळ्यात दक्षिण किनाऱ्याचा खेळ निराळा. लाटा न्यूझीलंडच्या आसपासच्या वादळांतून सहा-सात दिवसांचा प्रवास करून येतात, आणि दक्षिणेच्या कीहेई गावासमोर काहोओलावे आणि लानाई ही बेटं आडवी असल्यामुळे कुठे पोहोचतात, कुठे नाही. इथे लांबचा अंदाज तारखेपुरता धरावा, फुटांपुरता नाही.

मुंबई-कोकणातून आलेल्यांना भरती-ओहोटीची काळजी रक्तातच असते. तिथे उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं, माऊईत अडीच-तीन फूट. उथळ खडकावर तेवढंही जाणवतं, पण तक्ता पाठ करायची गरज नाही.

तारे कोणासाठी?

सर्फलाइनचा "बरा", "चांगला" हा शेरा सर्फरच्या नजरेचा. व्यापारी वारा भरला की लाटेचं तोंड खराब होतं आणि शेरा घसरतो. विंडगुरूचे तारे वाऱ्याचे, लाट असो नसो, वारा वाढला की तारे वाढले. एकाच दुपारी एक म्हणेल घरी बसा, दुसरा म्हणेल धावा. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. फॉइलर असाल तर सर्फलाइनचा शेरा झाकून फक्त आकडे बघा, सर्फर असाल तर विंडगुरूच्या तक्त्यात कमीत कमी वाऱ्याचे तास शोधा, जे बहुधा पहाटेचे असतात.

मग घ्यायचं काय

आठवडाभरासाठी आलेला, लाटेवर शिकणारा पाहुणा: वेदर सर्व्हिसचा अंदाज आणि विंडी. पैसे शून्य. विंग फॉइलवाला, दोन-तीन आठवडे राहणार: विंडगुरूचा फुकट तक्ता, शिवाय एक महिन्याची किनाऱ्यावरच्या यंत्रांची वर्गणी. डाउनविंड फॉइलर: तेच, अधिक पाउवेला बोया, पण कालावधी वाचायला शिकून. कायमचा राहणारा सर्फर: दोन्ही बोये आणि वेदर सर्व्हिसची चर्चा. सर्फलाइन हवीच असेल तर हिवाळ्यापुरती, तीही कॅमेऱ्यासाठी.

इशारे मात्र सर्वांनी एकाच ठिकाणाहून घ्यावेत, वेदर सर्व्हिसकडून. उत्तर किनाऱ्यावर दर्शनी 15 फुटांना उंच लाटांची सूचना लागते, 25 फुटांना धोक्याचा इशारा. लहान होड्यांसाठीची सूचना 25 नॉट सलग वाऱ्याला किंवा 10 फूट समुद्राला निघते. डाउनविंडवाल्यांच्या अंगात ही सूचना लागली की उलट उत्साह संचारतो. मालिकोचा अनुभवी गट त्या दिवशी जातोही. पहिल्यांदा जाणाऱ्याने त्या दिवशी किनाऱ्यावर उभं राहून त्यांचं निघणं आणि काहुलुईला पोहोचणं बघावं, आणि 18-20 नॉटच्या दिवसाची वाट पाहावी. उन्हाळ्यात तो फार लांब नसतो.