रास्पबेरी पाय ५ आणि कोल्हापूरचे आकाश : खगोलछायाचित्रणासाठी छोट्या संगणकाचे परीक्षण

रास्पबेरी पाय ५ हा ८५ बाय ५६ मिलिमीटर आकाराचा, म्हणजे साधारण एटीएम कार्डाएवढा संगणक ऑक्टोबर २०२३ मध्ये बाजारात आला. तेव्हापासून दुर्बीण, माउंट (दुर्बिणीला ताऱ्यांच्या मागोमाग फिरवणारा आधार) आणि कॅमेरा चालवण्यासाठी लॅपटॉपऐवजी तो घ्यावा का, हा प्रश्न हौशी खगोलछायाचित्रकारांत सतत विचारला जातो. मी त्याची ४ जीबी रॅमची आवृत्ती ८० मिलिमीटर व्यासाच्या आणि ४८० मिलिमीटर नाभीय अंतराच्या अपवर्तक दुर्बिणीवर बसवून वापरतो. खाली स्कायवॉचरचा एचईक्यू५ माउंट आहे आणि मागे ९ मेगापिक्सेलचा, थंड करता येणारा रंगीत कॅमेरा. या जुळणीत एक पिक्सेल आकाशाच्या सुमारे १.६ विकला व्यापतो (एका अंशात ६० कला, एका कलेत ६० विकला). पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला १५ विकला सरकत असल्याने माउंट बंद असेल तर तो सेकंदाला नऊ पिक्सेलांहून अधिक पळतो. अशा जुळणीवर तीन-तीन मिनिटांचे एक्स्पोजर रात्रभर बिनबोभाट घेण्याचे काम या चिमुकल्या संगणकाकडून अपेक्षित आहे.

कोल्हापुरात हा संगणक कशासाठी घ्यायचा, याचे माझे उत्तर इतरत्र दिल्या जाणाऱ्या उत्तरांपेक्षा थोडे वेगळे आहे. घरात बसून दुर्बीण चालवता येते, केबलींचा गुंता कमी होतो, लॅपटॉप दवात भिजत नाही, हे सारे फायदे खरेच आहेत. आपल्याकडे मात्र खरी अडचण ध्रुवताऱ्याची आहे. कोल्हापूरचे अक्षांश सुमारे १६.७ अंश उत्तर असल्यामुळे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम सतरा अंशांवर दिसतो. वीस मीटरवर असलेली आणि आपल्या गच्चीपेक्षा सहा मीटर उंच असलेली एखादी इमारत त्याला झाकायला पुरेशी आहे. उत्तर मोकळी असली तरी पावसाळ्यानंतरचे जे महिने आकाशासाठी उत्तम, त्याच महिन्यांत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आणि गुऱ्हाळे सुरू असतात आणि धूर व धुक्याचा थर नेमका क्षितिजालगतच्या पट्ट्यात साचतो. तारा चित्रात स्थिर राहण्यासाठी माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखावा लागतो. माउंटच्या पोलर स्कोपमधून, म्हणजे अक्षातल्या छोट्या दुर्बिणीतून, ध्रुवतारा शोधून अक्ष जुळवण्याची जी पद्धत युरोप-अमेरिकेतल्या मार्गदर्शक पुस्तिका पहिल्याच पानावर सांगतात, ती तिथे ध्रुवतारा चाळीस-पन्नास अंश उंच असतो म्हणून सोपी आहे. आपल्या शहरी गच्च्यांवर ती बहुधा निरुपयोगी ठरते.

इथे प्लेट सॉल्व्हिंग कामाला येते. कॅमेऱ्याने काढलेल्या चित्रातल्या ताऱ्यांची रचना ताऱ्यांच्या सूचीशी जुळवून दुर्बीण नेमकी कुठे रोखली आहे हे संगणक काही सेकंदांत सांगतो. केस्टार्स या मोफत आज्ञावलीतला एकॉस हा भाग माउंट विषुवांशात, म्हणजे ध्रुवाभोवती, थोडा-थोडा फिरवून तीन चित्रे घेतो आणि प्रत्येक चित्राचा मध्यबिंदू आकाशात नेमका कुठे आहे ते काढतो. हे तीन बिंदू ज्या वर्तुळावर पडतात त्याचा मध्य म्हणजे माउंटचा अक्ष. खऱ्या ध्रुवापासून तो किती कला दूर आहे, हे पडद्यावर दिसते आणि मग उंची व दिगंशाचे (आडव्या दिशेचे) स्क्रू फिरवत ती चूक कमी करायची असते. केस्टार्सच्या अलीकडच्या आवृत्त्यांत यासाठी ध्रुवाकडचे आकाश दिसण्याची अट उरलेली नाही. दक्षिणेकडे किंवा डोक्यावरच्या मोकळ्या आकाशाकडे दुर्बीण रोखूनही अक्ष जुळवता येतो. वातावरणातल्या अपवर्तनामुळे सतरा अंशांच्या उंचीवर ध्रुव सुमारे तीन कला वर उचललेला दिसतो, हे सूक्ष्म काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. ऑटोगायडिंग, म्हणजे दुसऱ्या छोट्या कॅमेऱ्याने एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल सतत सुधारणे, चालू असताना ४८० मिलिमीटरच्या दुर्बिणीला तेवढ्याने फरक पडत नाही. माझ्या मते संपूर्ण खर्चाची वसुली या एका सोयीत आहे.

रास्पबेरी पायवर (पुढे नुसते ‘पाय’) इंडी नावाची चालकप्रणाली माउंट, कॅमेरा, गायड कॅमेरा आणि फोकसर यांच्याशी बोलते आणि केस्टार्स इंडीशी बोलतो. हे दोन भाग वेगवेगळ्या संगणकांवर ठेवता येतात. म्हणून पुष्कळ जण इंडी पायवर आणि केस्टार्स घरातल्या लॅपटॉपवर चालवतात, पण ही रचना मी सुचवणार नाही, कारण वाय-फाय क्षणभर तुटले तरी छायाचित्रांची मालिका थांबते. केस्टार्सही पायवरच चालवावा आणि लॅपटॉप किंवा टॅबलेटवरून व्हीएनसी या दूरून पडदा दाखवणाऱ्या सोयीद्वारे फक्त त्याचा पडदा पाहावा. मग वाय-फाय गेले तरी कॅमेरा आपले काम करत राहतो. प्लेट सॉल्व्हिंग, गायडिंग, स्वयंचलित फोकस आणि दुर्बीण मध्यान्ह रेषा (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना माउंट पालटणे ही सगळी कामे पाय ५ ची चार गाभ्यांची, २.४ गिगाहर्ट्झची प्रक्रियाशक्ती विनासायास करते. नियंत्रणापुरती ४ जीबी रॅम पुरते. स्टॅकिंग (अनेक फ्रेम एकत्र करून एक चित्र बनवणे) आणि प्रक्रिया मात्र घरच्या मोठ्या संगणकावरच करावी. माझ्या कॅमेऱ्याची एक फ्रेम सुमारे १८ एमबीची असल्याने चार तासांत तीन-तीन मिनिटांच्या ऐंशी फ्रेमचे दीड जीबीहून कमीच ओझे होते. २६ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात मात्र प्रत्येक फ्रेम ५२ एमबीच्या घरात जाते. अशा वेळी मायक्रोएसडी कार्डाच्या भरवशावर न राहता एसएसडी लावावी. सतत लिहिण्याने आणि अचानक वीज जाण्याने कार्डे खराब होतात, हा सर्वांचाच अनुभव आहे.

या संगणकाची सर्वांत नाजूक बाजू वीजपुरवठ्याची आहे आणि विकत घेण्यापूर्वी तेवढी नीट समजून घेतली तर पुढचे बरेच रात्रीचे हाल टळतात. पाय ५ ला ५ व्होल्टला ५ अँपिअरचा पुरवठा लागतो. पुरवठा ३ अँपिअरचा असेल तर तो चालतो, पण चारही यूएसबी पोर्टांना मिळून केवळ ६०० मिलिअँपिअर देतो. ५ अँपिअर मिळाले तर हीच मर्यादा १.६ अँपिअरपर्यंत जाते. मोबाइलचा ४५ वॅटचा चार्जर आहे म्हणून काम भागेल असे वाटते, पण असे बहुतेक चार्जर जास्त शक्ती व्होल्टेज वाढवून देतात आणि ५ व्होल्टला ३ अँपिअरवरच थांबतात. बॅटरीवर चालवायचे तर १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा ५ अँपिअरचा बक कन्व्हर्टर लागतो. त्याच्याशी पायची आपोआप बोलणी होत नसल्याने यूएसबीचा पूर्ण प्रवाह मिळण्यासाठी कॉन्फिग फाइलमध्ये तशी ओळ घालावी लागते. कॅमेरा, गायड कॅमेरा आणि फोकसर १२ व्होल्टवर चालणाऱ्या स्वतंत्र यूएसबी हबला जोडणे हा मला जास्त भरवशाचा मार्ग वाटतो. गायड कॅमेरा मध्येच नाहीसा होतो या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथेच सापडते.

पायमुळे बॅटरी जास्त वेळ चालते, हा युक्तिवाद मात्र जेवढा गाजवला जातो तेवढा मोठा नाही. १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-अवरच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत २५६ वॅट-अवर ऊर्जा असते आणि त्यातली ८० टक्के वापरली तर हाती सुमारे २०५ वॅट-अवर येतात. माउंट दहा-बारा वॅट, कॅमेरा आणि त्याचा कूलर मिळून सरासरी पंधरा-वीस वॅट, दव हटवणारे पट्टे दहा वॅट आणि पाय सात वॅट धरला, तर साडेचार तासांच्या आसपास काम होते. पायच्या जागी बारा-पंधरा वॅट घेणारा मिनी पीसी आणला तर अर्धा-पाऊण तास कमी होतो. ज्याला गगनबावड्याला रात्र काढायची आहे, त्याने संगणकात काटकसर करण्यापेक्षा मोठी बॅटरी घ्यावी, कारण दिवाळीनंतर त्या भागात दव इतके पडते की पट्टे बंद ठेवून वीज वाचवण्याचा विचारच करता येत नाही.

शहरापासून सुमारे ५५ किलोमीटर पश्चिमेला असलेल्या गगनबावड्यात, किंवा राधानगरीच्या बाजूला, आकाश खरोखर काळे मिळते आणि कोल्हापूर-इचलकरंजीचा उजेड पूर्वेकडे राहतो. कमी अक्षांशाचा फायदाही तिथेच कळतो. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ आपल्याकडे जवळजवळ सव्वीस अंश वर येतो. उत्तर युरोपातल्या छायाचित्रकाराला तो कधीच दिसत नाही. पण अशा ठिकाणी मोबाइलला नेटवर्क नसते आणि तिथे वेळेचा प्रश्न उभा राहतो. पाय ४ मध्ये स्वतःचे घड्याळ नव्हते. पाय ५ मध्ये ते आहे, पण त्याची छोटी बॅटरी वेगळी घेऊन जोडावी लागते आणि ती नसेल तर इंटरनेट मिळेपर्यंत संगणकाची वेळ चुकलेलीच राहते. चार मिनिटांची चूक म्हणजे आकाशात एक अंश. प्लेट सॉल्व्हिंगने दुर्बिणीची दिशा सुधारते हे खरे, पण मध्यान्ह रेषा कधी ओलांडली जाणार हे गणित घड्याळावरच चालत असल्याने माउंट भलत्या वेळी पालटतो किंवा पालटतच नाही. ही बॅटरी, किंवा यूएसबी जीपीएस, खरेदीच्या यादीत पहिल्याच दिवशी असावी. पायने स्वतःचा हॉटस्पॉट सुरू करावा अशी व्यवस्था घरीच करून न्यावी आणि ताऱ्यांच्या सूचीच्या फाइलीही आपल्या दृश्यक्षेत्राला साजेशा निवडून आधीच उतरवून ठेवाव्यात. राधानगरी-दाजीपूर परिसरात अभयारण्य असल्याने वनविभागाच्या परवानगीचा विचारही आधीच करावा लागतो.

आता पर्यायांकडे वळतो. इंटेल एन१०० प्रोसेसरचे मिनी पीसी आता सहज मिळतात आणि त्यांवर विंडोजवरच चालणारी नीना ही मोफत आज्ञावली, गायडिंगसाठी पीएचडी२ आणि प्लेट सॉल्व्हिंगसाठी अ‍ॅस्टॅप अशी जोडणी उत्तम चालते. नीनामध्ये तीन बिंदूंच्या पोलर अलाइनमेंटचे, म्हणजे अक्ष ध्रुवाशी जुळवण्याचे, प्लगइन आहे आणि तेही आकाशाच्या कोणत्याही भागातून काम करते, म्हणजे आपली मुख्य अडचण तिथेही सुटते. कामांची मालिका रचण्याची नीनाची पद्धत एकॉसपेक्षा मला अधिक लवचीक वाटते. पायला केस, पंखा, एसएसडी, कन्व्हर्टर आणि घड्याळाची बॅटरी जोडत गेले की त्याची किंमत साध्या मिनी पीसीच्या जवळ जाते. त्यामुळे स्वस्ताई हा पायच्या बाजूचा मुद्दा आता फारसा उरलेला नाही. मिनी पीसी घेताना तो १२ व्होल्टवर चालणारा आहे का, हे पाहावे. विंडोजची प्रो आवृत्ती घ्यावी, कारण होम आवृत्तीत रिमोट डेस्कटॉपने बाहेरून आत येण्याची सोय नसते, आणि रात्री अपडेट होऊन संगणक स्वतःच पुन्हा सुरू होणार नाही याची तजवीज करावी. बॅटरी चार्ज होत असताना व्होल्टेज चौदाच्या वर जाते, म्हणून मध्ये रेग्युलेटर असावा.

झेडडब्ल्यूओ कंपनीचा एएसआयएअर हा तिसरा पर्याय. तो मोबाइलच्या अ‍ॅपवरून चालतो, शिकायला सर्वांत सोपा आहे आणि प्लस आवृत्तीत १२ व्होल्टचे चार आउटपुट असल्याने तारांचा पसाराही आवरतो. पण माउंट इतरांचे चालत असले तरी खगोलीय कॅमेरे त्याच कंपनीचे लागतात. ज्याने आधीच वेगळ्या कंपनीचा खगोलीय कॅमेरा घेतला आहे, त्याच्यासाठी चर्चा इथेच संपते.

निवड करताना दुरुस्तीचा विचार सर्वांत कमी केला जातो, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. कोल्हापुरात विंडोज पुन्हा बसवून देणारे संगणकाचे दुकान कोणत्याही पेठेत सापडेल. लिनक्सवर इंडीचा चालक का सुरू होत नाही, हे सांगणारा माणूस सापडणे कठीण. टर्मिनलवर आज्ञा लिहिण्याची सवय नसलेल्यांनी आणि प्रामुख्याने गच्चीवरूनच छायाचित्रण करणाऱ्यांनी मिनी पीसी घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातूनही पायच घ्यायचा असेल तर स्टेलरमेट ही विकत मिळणारी तयार प्रणाली घ्यावी. तिच्यामागे इंडी आणि एकॉस घडवणारेच लोक आहेत आणि मोबाइलवरून वेळ व स्थान पायला देण्याची सोयही तिच्या अ‍ॅपमध्ये आहे. मी स्वतः पायवरच राहिलो आहे, कारण तो दुर्बिणीच्या नळीवर बसतो, पूर्ण जुळणीतून एकच वीजतार खाली येते आणि लिनक्सची मला अडचण वाटत नाही. तो बसवण्यासाठी लागणारी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी परदेशातून मागवण्याची गरज नाही. शिवाजी उद्यमनगरातल्या कोणत्याही लेथवाल्याला माप दिले की तो दुर्बिणीच्या रिंगांवर बसेल अशी पट्टी छिद्रांसह करून देतो आणि कमी अक्षांशामुळे माउंटचे वजनदांडे ट्रायपॉडच्या पायाला आपटत असतील तर मध्ये बसवायचा उंचीचा तुकडाही तिथेच बनतो.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आकाश बंदच असते. त्या काळात पाय, एसएसडी आणि कॅमेरा सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा आणि महिन्यातून एकदा घरातच सर्व जुळणी जोडून चालू करून पाहावी. चालकप्रणालीचे अपडेट करायचे असतील तर तेही याच महिन्यांत करून घ्यावेत. हंगाम सुरू झाल्यावर चालू जुळणीला हात लावू नये.