नव्या टॅटूवर सेकंड स्किन लावावी की साबण-मलमच बरं?

टॅटू पूर्ण झाला की कलाकार विचारतो, ‘सेकंड स्किन लावू, की साधंच ठेवायचं?’ इतका वेळ सुई सोसून माणूस दमलेला असतो, तेव्हा ‘तुम्हीच ठरवा’ म्हणून मोकळा होतो. त्यापेक्षा उत्तर घरूनच ठरवून जावं. मी दोन्ही वापरलंय. हातावरच्या टॅटूला सेकंड स्किन, म्हणजे चिकटणारी पारदर्शक फिल्म, आणि पोटरीवरच्याला नुसतं धुणं आणि मलम.

फिल्मच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. ती घामाची वाफ बाहेर सोडते, पाणी आणि जंतू मात्र आत येऊ देत नाही. (स्वयंपाकघरातलं प्लास्टिक गुंडाळून हे साधत नाही, त्यात वाफ कोंडते आणि त्वचा भिजून पांढरी पडते.) पहिल्या रात्री चादर जखमेला चिकटत नाही, अंघोळ बिनघोर होते, आणि खपली जवळजवळ धरतच नाही. यामागे जुनं संशोधनही आहे. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या त्वचेवर दाखवून दिलं, की उघडी ठेवून वाळवलेल्या जखमेपेक्षा फिल्मखाली ओलसर राहिलेली जखम बरीच लवकर नवी त्वचा धरते. फक्त इथे कळीचा शब्द ‘ओलसर’ आहे. मलमाचा पातळ हातही तेच काम करतो.

माझं बिनसलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. फिल्म पारदर्शक, पण ती काही तासांपुरतीच. रात्रीतून जखमेतून पाझरणारी लस, थोडं रक्त आणि जादाची शाई खाली साचली आणि सकाळी हातावर काळ्या पाण्याची फुगलेली पिशवी दिसली. यात घाबरण्यासारखं काही नसतं. पहिला तुकडा साधारण चोवीस तासांत काढायचाच असतो. धुऊन, कोरडं करून दुसरा लावला, तो तीन ते पाच दिवस ठेवायचा. त्याच्याखालीही राखाडी चिखल पसरला, आणि मग दिवसभर एकच विचार: कडेला लाली दिसतेय ती रोजची, की पसरतेय? बोट लावलं तर गरम लागायचं, पण फिल्मखाली कुठलीही त्वचा थोडी गरम लागतेच. काढून बघावं तर फिल्म वाया. त्यातच मनगटाच्या घडीपाशी कड सुटली. एकदा कड सुटली, की तिथून पाणी आत शिरतं आणि तिथेच मुरतं, म्हणून अख्खा तुकडा काढावाच लागतो. (कोमट पाण्याच्या धारेखाली, वर न ओढता त्वचेला समांतर ताणत काढावा, केस कमी उपटतात.) जखम शेवटी छान भरली, हे सांगायलाच हवं. पण ते दिवस निवांत गेले नाहीत.

पोटरीच्या वेळी कटकट होती, नाही असं नाही. दिवसातून दोन-तीनदा हात धुऊन मग बिनवासाच्या साबणाने टॅटू धुवायचा, कागदी रुमालाने टिपायचा (टॉवेल नको), आणि मलम इतकं पातळ लावायचं की चकाकी दिसावी, थर दिसू नये. जाड थर दिला की खपल्या भिजून सुटतात आणि शाईही घेऊन जातात. पुढे पापुद्रे निघायला लागले की खाज जीव खाते. तेव्हा नखं आवरायची, वरून हलकं थोपटायचं. पण रोज टॅटू डोळ्यांसमोर असायचा. लाली कालच्यापेक्षा कमी झाली, हे दिसायचं, आणि माझ्यासारख्या काळजीखोर माणसाला तेवढं पुरतं.

मलम कुठलं? साधी पेट्रोलियम जेली पुरते, असं माझं मत. त्वचेच्या छोट्या शस्त्रक्रियांनंतर जेली आणि बॅसिट्रेसिन हे प्रतिजैविक मलम यांची तुलना १९९६ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. संसर्गात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. ॲलर्जी मात्र बॅसिट्रेसिननेच झाली.

धुळीत किंवा तेल-ग्रीसमध्ये काम असेल, पाठीवर मोठा टॅटू असेल आणि मलम लावायला घरात कुणी नसेल, तर फिल्म घ्या, माझा आग्रह नाही. ज्यांना साध्या चिकटपट्टीनेही पुरळ येतं, त्यांनी मात्र तिच्या वाटेला जाऊ नये. टॅटूभोवती फिल्मच्या आकाराची लाल, खाजरी चौकट उठते. बाकीच्यांनी मनगट, कोपर, घोटा अशा वाकणाऱ्या जागी तरी धुण्या-मलमाचा विचार करावा, असं मला वाटतं.

आणि काहीही निवडलं तरी पहिले तीन आठवडे त्वचेवर नजर ठेवा. पोहणं आणि थेट ऊनही तोवर नको. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये २०११ साली १९ जणांच्या टॅटूवर चिवट पुरळ उठलं, ते तयार मिळणाऱ्या राखाडी शाईतल्या जंतूंमुळे. तिथे ना फिल्म कामी येते ना मलम. लाली पसरत असेल, पू किंवा ताप असेल, किंवा राखाडी भागातच पुटकुळ्या येत असतील, तर कलाकाराला फोटो पाठवत बसू नका; थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि टॅटू कधी केला ते आधी सांगा.